याचा छेद कुठाय?

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक गणित घालते. घाबरू नका, सोपं आहे. एका वर्गात ६० मुलं आहेत. त्यांतल्या १८ जणांना नोकरी लागली. तर शेकडा किती मुलांना नोकरी लागली?

शेकडा ३०. शाबास! आमच्या शाळेतला पाचवीचा मुलगाही वहीत न मांडता सांगेल. पण याच गणिताचं उत्तर शेकडा १०० असं एका मोठ्या रंगीत फलकावर छापलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय, असं सांगितलं तर? तुम्ही म्हणाल, बाईंचा चष्मा बदलायला झालाय. तसं नाही बरं का. ती गंमत कशी झाली ते आज सांगते. आणि ती नुसती गंमतही नव्हती. त्या फलकापायी एका घरची दहा गुंठे जमीन विकली जायच्या बेतात होती.

त्याचं असं झालं. मी तिसरी-चौथीला शिकवलेली एक मुलगी २०२५ मध्ये बारावी पास झाली. तिचं नाव इथे सांगत नाही, तुमच्यासाठी ती ताईच. आमचं गाव नाशिकपासून एसटीने तासाभरावर आहे. ताईच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी आहे आणि सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं. ताईला बीबीए करायचं होतं. बीबीए म्हणजे व्यवसाय कसा चालवायचा हे शिकवणारी पदवी. हिशोब कसा ठेवायचा, माल कसा खपवायचा, माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, कायदे कोणते पाळायचे, असं सगळं त्यात येतं. काही विद्यापीठांत अशाच अभ्यासक्रमाला बीएमएस किंवा बीबीएम म्हणतात.

एक दिवस शाळा सुटल्यावर बापलेक माझ्याकडे आले. भाऊंच्या हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं. "बाई, तुम्ही जरा वाचून सांगा. हे लोक म्हणतात शंभर टक्के नोकरी. तीन वर्षांच्या फीसाठी रस्त्याकडचे दहा गुंठे काढावे म्हणतो."

आता मी डीएड झालेली प्राथमिक शिक्षिका. मला बीबीएतलं काय कळणार? पण शिकवलेलं पोचलं की नाही हे तपासणं, हे तर आम्हा शिक्षकांचं रोजचंच काम. मी म्हटलं, "भाऊ, जमीन कुठे पळून जात नाही. आधी आपण जाऊन बघू." तुम्ही दिवाळीचा ड्रेस तरी न बघता घेता का? एक शिवण उसवलेली दिसली तर दुकानदाराला परत देता. आणि तीन वर्षांचं शिक्षण मात्र आपण फलक बघून घेतो!

निघण्याआधी मी ताईला एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. आम्हा शिक्षकांना अधूनमधून प्रशिक्षणाला जावं लागतं. शेवटच्या दिवशी एक छापील कागद मिळतो. 'प्रशिक्षण कसे वाटले? उत्तम, चांगले, साधारण.' आणि आम्ही सगळे 'उत्तम'वर खूण करून मोकळे होतो! कारण एसटी गाठायची असते, आणि खरं सांगू का, जेवण झकास असतं. मीसुद्धा केलंय असं. एका प्रशिक्षणात काय शिकवलं ते मला आज आठवत नाही, पण तिथली मटकीची उसळ आठवते. माझ्या त्या 'उत्तम'वरून कुणी ठरवलं असेल की प्रशिक्षण यशस्वी झालं, तर त्याची फसगतच झाली म्हणायची.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाचे प्राध्यापक होते. कारखान्यांमध्ये, कंपन्यांमध्ये माणसांना जे प्रशिक्षण देतात, ते चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं, यावर त्यांनी १९५९ मध्ये लिहिलं. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या आणि त्या आजही जगभर वापरतात. पहिली पायरी, शिकणाऱ्याला आवडलं का? दुसरी, तो खरंच काही शिकला का? तिसरी, शिकलेलं त्याने कामात वापरलं का? आणि चौथी, वापरल्यामुळे काही फरक पडला का? आमचा तो छापील कागद पहिल्याच पायरीवर बसून राहतो. वर चढणं अवघड, कारण त्यासाठी सहा महिन्यांनी माझ्या वर्गात येऊन बघावं लागेल.

हे तुम्ही घरच्या घरी करून बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहण्याचा क्लास लावला होता ना? मजा आली, ही पहिली पायरी. हात मारता येतात, ही दुसरी. क्लास संपल्यावर मामाच्या विहिरीत सर बाजूला नसताना पोहलात का? ती तिसरी. (मोठी माणसं काठावर असल्याशिवाय ही पायरी तपासायची नाही हं!)

तर असे आम्ही तिघं नाशिकला निघालो. ताईला आणि मला अर्धं तिकीट, भाऊंना पूर्ण. भाऊ हसून म्हणाले, "आमच्या घरात आता बायकांचा प्रवास स्वस्त झालाय."

पहिलं कॉलेज माहितीपत्रकातलंच. काचेचा दरवाजा, आत गारेगार एसी, भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांची बोधचिन्हं. आणि मधोमध तो फलक : '१०० टक्के प्लेसमेंट.' टेबलामागे टाय लावलेला एक तरुण बसला होता. तो भराभर बोलत होता. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि फलकाकडे बोट दाखवून विचारलं, "दादा, याचा छेद कुठाय?"

तो म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे शंभर टक्के, पण कितीतले?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चौथीत अपूर्णांक शिकवताना मी मुलांच्या मागे लागायची की वर अंश लिहिला तर खाली छेद लिहा, नुसता अंश लोंबकळत ठेवू नका. पोरीने ते इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

तो मुलगा प्रामाणिक निघाला. त्याने आत जाऊन विचारून आकडे आणले. तिसऱ्या वर्षाला ६० मुलं होती. त्यांतली ज्यांचा एकही विषय राहिलेला नाही आणि ज्यांनी नोकरीसाठी नाव नोंदवलं, तीच त्यांनी धरली. ती निघाली १८. अठरापैकी अठरांना नोकरी लागली. झाले शंभर टक्के! कळली गंमत? अंश तोच, छेद मात्र ६० चा १८ झाला.

इथे थोडा न्यायही करायला हवा. साठातली काही मुलं पुढे एमबीएला किंवा एमकॉमला गेली असतील, कुणी घरचं दुकान बघत असेल. त्यांना 'नोकरी नाही' म्हणणं बरोबर नाही. म्हणून सरळ प्रश्न विचारायचा : साठजण पहिल्या वर्षाला आले, तर तीन वर्षांत पास किती झाले, नोकरीला किती लागले, पुढे शिकायला किती गेले, आणि उरलेल्यांचं काय झालं? उरलेल्यांचं उत्तर ज्या कॉलेजकडे आहे, ते आपल्या मुलांवर लक्ष ठेवतं असं समजायला हरकत नाही. या कॉलेजकडे ते नव्हतं.

फलकाच्या खालच्या ओळीत 'सरासरी पगार' लिहिला होता. सरासरी तुम्ही शिकलाच आहात. मग हे करा. समजा दहाजणांना नोकरी लागली. नऊजणांना महिना १५,००० रुपये. दहाव्याला, म्हणजे ज्याच्या काकांचीच कंपनी आहे त्याला, १,०५,००० रुपये. बेरीज झाली २,४०,०००. भागिले दहा, सरासरी २४,०००. आता सांगा, या दहांपैकी चोवीस हजार पगार कुणाला आहे? एकालाही नाही! म्हणून पगार लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभे करायचे आणि मधला बघायचा. इथे तो येतो १५,०००. मोठ्या इयत्तेत तुम्ही याला मध्यक म्हणाल. कॉलेजात गेल्यावर सरासरी नाही, मध्यक विचारायचा. केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी आहे, तिची पहिली यादी २०१६ मध्ये आली. तिच्यात भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि पगाराचा मध्यक किती, ही माहिती द्यावी लागते आणि ती आपल्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. पालकांनो, ती कागदपत्रं रुक्ष दिसतात, पण माहितीपत्रकापेक्षा पुष्कळ जास्त बोलतात. त्या क्रमवारीतली व्यवस्थापनाची यादी मात्र मुख्यतः एमबीएसारखे वरचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांची असते. तिच्यातल्या क्रमांकावरून बीबीएचा वर्ग कसा चालतो ते कळत नाही.

निघताना तो तरुण म्हणाला, "आजच दहा हजार भरून सीट ब्लॉक करा, उद्या सांगता येत नाही." भाऊंचा हात खिशाकडे गेला. मी विचारलं, "हा अभ्यासक्रम सीईटीच्या प्रवेशातला आहे का?" तर नाही. शिकवायचं तेच, पण नाव जरा निराळं.

हे काय प्रकरण आहे ते पालकांसाठी सांगायला हवं. मुलांनो, तुम्ही हवं तर हा परिच्छेद आईबाबांना वाचून दाखवा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीबीएम आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले. त्यामुळे महाराष्ट्रात त्यांच्यासाठी २०२४ मध्ये पहिल्यांदा सीईटी झाली. पहिल्या वर्षी मुलं इतकी कमी बसली की परीक्षा पुन्हा एकदा घ्यावी लागली. या साऱ्यातून बाहेर राहण्यासाठी कितीतरी कॉलेजांनी आपल्या अभ्यासक्रमाचं नावच बदललं आणि तो बीकॉमच्या एखाद्या प्रकारात बसवला. त्यात बेकायदेशीर काही नाही आणि त्यांतली काही कॉलेजं चांगलीही आहेत. पण पालकाच्या खिशाला फरक पडतो. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. तिच्यासाठी प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला लागतो. म्हणून आपला अभ्यासक्रम आणि ते कॉलेज या सवलतीत बसतं का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावं. आणि 'मूळ दाखले इथेच ठेवून जा' असं कुणी म्हटलं तर ठेवू नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच त्याला मनाई केली आहे.

भाऊंनी खिशातला हात बाहेर काढला. त्या तरुणाचा मला राग आला नाही. तोही नोकरीच करत होता बिचारा.

दुसऱ्या कॉलेजबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इमारत मोठी, साहेब जेवायला गेलेले, तासभर बाकावर बसलो. भिंतीवर एआयसीटीईच्या मान्यतेचं पत्र आणि नॅकची श्रेणी फ्रेम करून लावली होती. तेवढ्या वेळात ताईला म्हटलं, चल, या दोन फ्रेमांचा अर्थ लावू. मान्यता म्हणजे परवाना. वर्गखोल्या, शिक्षक, संगणक किमान इतके हवेत म्हणजे वर्ग चालवता येईल, एवढंच ती सांगते. आपल्या नाशिकला मिसळीची कितीतरी दुकानं आहेत. परवाना त्या सगळ्यांनाच लागतो. तर्री मात्र चाखूनच बघावी लागते.

नॅक ही बंगळूरची संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली आणि ती कॉलेजांची तपासणी करते. तिने चारपैकी गुण द्यायचे आणि त्यावरून ए प्लस प्लसपासून खाली श्रेणी, अशी पद्धत ठेवली. पण ही श्रेणी असते सगळ्या कॉलेजची. कॉलेजचं रसायनशास्त्र उत्तम असेल म्हणून बीबीए उत्तम असेलच असं नाही. शिवाय श्रेणीला मुदत असते, म्हणून फ्रेममधली तारीख वाचायची. त्या फ्रेममधली तारीख उलटून गेली होती! आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तर लाच घेऊन मोठी श्रेणी दिल्याच्या आरोपावरून तपासणी समितीच्याच काही सदस्यांना सीबीआयने अटक केली. म्हणून काय सगळ्याच फ्रेमा खोट्या? नाही. तुमच्या प्रगतिपुस्तकावर शेरा असतो ना, तशी ती श्रेणी. शेरा वाचायचा, पण वहीही उघडून बघायची.

तासाभराने साहेब आले, पण वर्ग बघू द्यायला नाही म्हणाले. आम्ही उठलो.

तिसरं कॉलेज जुनं. बाहेरच्या भिंतीला ओल, जिन्याच्या पायऱ्या झिजून मधे खोलगट झालेल्या. भाऊंचा चेहराच पडला. कॉलेजला सरकारी अनुदान, पण बीबीएची तुकडी विनाअनुदानित. मी बाईंना विचारलं (तिथल्या विभागप्रमुखही बाईच होत्या), "पूर्णवेळ शिक्षक किती आणि सीएचबीवर किती?" सीएचबी म्हणजे घड्याळी तासांवर पैसे मिळणारे शिक्षक. त्यांत कितीतरी हाडाचे शिक्षक असतात, मी स्वतः ओळखते. पण तास संपला की दुसरं कॉलेज गाठायला त्यांना पळावं लागतं, मग मुलांनी शंका कुणाला विचारायच्या? बाईंनी न लपवता सांगितलं, "तीन पूर्णवेळ, चार सीएचबी. जाहिरात दिलीय, माणसं टिकत नाहीत." उत्तर काही छान नव्हतं. खरं होतं.

मग त्यांनी आम्हाला तिसऱ्या वर्षाच्या तासाला मागच्या बाकावर बसू दिलं. जुलैचा पहिला आठवडा होता, तास नुकते सुरू झाले होते. मुलांचे प्रकल्प टेबलावर पडले होते, ते मी चाळले. दोन-तीन तर सरळ इंटरनेटवरून उतरवलेले, इतक्या गुळगुळीत इंग्रजीत की मुलांचे नाहीतच हे मलासुद्धा कळलं. पण एका मुलाने आपल्या गल्लीतल्या वडापावच्या गाडीचा महिनाभराचा हिशोब केला होता. पाऊस पडलेल्या दिवशी विक्री किती, तेलाचा डबा किती दिवस पुरतो, सगळं हाताने काढलेल्या तक्त्यात. बाईंनी लाल शाईने जागोजागी विचारलं होतं, 'गाडीवाल्या काकूंची मजुरी धरली का?' ही लाल शाई मला त्या कॉलेजातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटली.

आणि मग भाऊंनी कमाल केली. त्यांच्या पिशवीत गिरणीची वही होती. ती त्यांनी काढली आणि तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीसमोर ठेवली. "पोरी, हा मागच्या महिन्याचा हिशोब. सांग बघू, मला फायदा होतोय का तोटा?"

सगळा वर्ग गप्प. मला वाटलं, झालं, आता आपल्याला बाहेर काढणार.

वहीत लिहिलं होतं : दळणाची जमा ३१,४००. लाइट बिल ९,२००. पट्टा दुरुस्ती आणि दगडाला टाकी लावणं मिळून १,४००. शिल्लक २०,८००. मुलीने दोनदा वाचलं आणि विचारलं, "काका, जमा म्हणजे हातात आलेले पैसे, का उधारीपण यातच?"

भाऊ म्हणाले, "उधारी यातच. छत्तीसशे येणं आहे."

"आणि तुम्ही दिवसभर उभे राहता त्याचा पगार?"

"माझा कसला पगार? गिरणी माझीच."

"तुम्ही नसता तर माणूस ठेवायला काय लागलं असतं?"

भाऊंनी विचार केला. "बारा हजार तरी."

मुलीने फळ्यावर मांडलं. तुम्हीही मांडा. ३१,४०० मधून ९,२०० गेले, १,४०० गेले, १२,००० गेले. उरले ८,८००. त्यांतले ३,६०० अजून लोकांच्या घरात. म्हणजे मजुरी सोडली तर गिरणीने हातात दिले ५,२००. "नफा वेगळा आणि हातातली रोकड वेगळी," ती म्हणाली. मग मागून एक मुलगा ओरडला, "अगं, मशीनची झीज धरली नाहीस!" तिने जीभ चावली. मोटार आणि दगड दर वर्षी झिजतात, कधीतरी नवे घ्यावे लागणार, त्याचेही थोडे पैसे दर महिन्याला बाजूला पडायला हवेत. त्याला घसारा म्हणतात. ती विसरली होती. बाई काही बोलल्या नाहीत. मुलांचं आपापसात भांडण लागलं, मोटार दहा वर्षं चालते का पंधरा, आणि त्या मुलांना ऐकताना भाऊ जे खूश झाले! "पंधरा कसली," ते मधेच म्हणाले, "आमच्याकडे लाइट कमीजास्त होते, आठव्या वर्षी जळते."

कर्कपॅट्रिक साहेबांच्या पायऱ्या आठवतात ना? त्या दोन तासांत आम्ही दुसऱ्या पायरीवर तरी नक्कीच पोचलो होतो. पहिल्या कॉलेजात आम्हाला सोफा आवडला होता, एवढंच.

परतीच्या एसटीत ताईला मी विचारलं, "काय वाटतं?" ती म्हणाली, "बाई, संगणक खूप जुने आहेत तिथले. आणि ग्रंथालयात पुस्तकांवर धूळ आहे." खरं होतं. तिने विचारून घेतलं होतं की सव्वाशे मुलांत चालू स्थितीतले संगणक वीसच आहेत. छेद काही ती सोडत नाही! भाऊ मात्र खिडकीबाहेर बघत बोटांवर काहीतरी मोजत होते.

ताईने ऑप्शन फॉर्ममध्ये तिसरं कॉलेज पहिलं टाकलं, दुसऱ्या फेरीत ते मिळालं. कार्यालयातल्या लिपिकाने उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर असं फीच्या सवलतीसाठी काय काय लागेल ते चिठ्ठीवर लिहून दिलं. ते गोळा करायला तहसीलच्या चार खेपा झाल्या, पण झालं.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी तिला चारही प्रश्न विचारले. आवडतं का? "हो, पण एक सर आठवड्यातून दोनदा येतच नाहीत, आम्ही अर्ज दिलाय." शिकलीस का? तिने मला पत्रिकेच्या दोन बाजू, जमा आणि नावे, काढून दाखवल्या आणि मला अर्ध्या समजल्या. वापरलंस का? "बाई, अजून नाही. पुढच्या दिवाळीत विचारा."

भाऊ तिच्याबरोबर आले होते. रस्त्याकडच्या दहा गुंठ्यांत भुईमूग निघाला होता, त्याच्या शेंगांची पिशवी त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवली. गिरणीत आता उधारीची वही वेगळी झालीय म्हणाले, आणि तिच्यात सगळ्यात वर कुणाचं नाव आहे ते सांगून मला लाजवलं. मी दोन महिने दळणाचे पैसे द्यायची राहिले होते.